भावाला भरवताना ठसका लागतो; पोटातल्या नळीचा निर्णय घेण्याआधी काय तपासून घ्यावे?

प्रश्न : मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

नमस्कार. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो बोलत नाही, त्याचे हातपाय ताठरतात आणि मान फार वेळ सावरता येत नाही. पण घरातले सगळे बोलणे त्याला समजते, आणि आमटीला फोडणी पडली की माजघरातून त्याचा हसण्याचा आवाज येतो. आजवर आईच त्याला भरवत आली. लहानपणी बोंडल्याने आणि पुढे चमच्याने, पण पद्धत एकच राहिली: मांडीवर आडवे घ्यायचे, मान डाव्या हाताच्या कोपरात टेकवायची आणि घास वरून सोडायचा. या उन्हाळ्यात आईच्या कमरेने साथ सोडली, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आले आहे. त्याचे वजन ३१ किलो आहे. मला त्याला मांडीवर घेता येत नाही, म्हणून मी त्याला पलंगावर उशीला टेकवून भरवते.

सकाळी नाचणीची आंबील, दुपारी आणि रात्री आमटीत कालवलेला मऊ भात असा त्याचा आहार आहे. एका जेवणाला सव्वा तास लागतो. पाण्याने त्याला ठसका लागतो, भाताने क्वचितच. मात्र जेवण संपल्यावर बराच वेळ घशातून घरघर ऐकू येते. पावसाळा सुरू झाल्यापासून तीन वेळा ताप येऊन त्याच्या छातीत कफ भरला आणि त्यांपैकी दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या वेळी घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी "पोटात नळी बसवून घ्या, तोवर सगळे घट्ट करून द्या" एवढेच उभ्याउभ्या सांगितले. घट्ट म्हणजे किती, हे विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेकडे गेले होते. कागदावर इंग्रजीत दोन ओळी आहेत, परिचारिका कन्नडमधून समजावत होत्या, आणि आमच्या घरी कन्नड येते ते बाजारापुरते.

आई नळीला तयार नाही. "तोंडाची चवही काढून घेतली तर त्याच्याजवळ उरले काय," असे ती म्हणते, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नसते. मला नळी नकोच असे नाही. पण निर्णय घेण्याआधी काय तपासून घ्यावे आणि तोपर्यंत रोजचे भरवणे कसे करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वाचा-उपचारतज्ज्ञ, बेळगाव

ताई, आपण जेवणाचा वेळ, घरघर आणि तापाची वेळ हे सगळे नीट टिपले आहे. आपल्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ठसक्याची नव्हे, तर ठसका न लागता होणाऱ्या घरघरीची.

घशात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट शेजारीशेजारी आहेत. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या बाजूने अन्ननलिकेत उतरतो. हे सगळे साधारण एका सेकंदात व्हावे लागते. सेरेब्रल पाल्सीमध्ये जीभ, ओठ आणि घसा यांच्या स्नायूंचा मेळ बसत नाही, त्यामुळे श्वासनलिका मिटण्याआधीच पातळ पदार्थ तिच्या तोंडाशी पोहोचतो. पाणी सर्वांत वेगाने वाहते, म्हणून ते सर्वांत अवघड. घट्ट घास सावकाश सरकतो, म्हणून त्याला वेळ मिळतो. मात्र श्वासनलिकेत गेलेल्या प्रत्येक थेंबाने खोकला येईलच असे नाही. ज्यांना वर्षानुवर्षे हा त्रास आहे, त्यांच्यापैकी अनेकांची तिथली संवेदना मंद झालेली असते आणि अन्न निमूटपणे फुप्फुसाकडे उतरते. ओला, बुडबुडल्यासारखा आवाज, डोळ्यांत पाणी, जेवताना श्वास जलद होणे, चेहऱ्याचा रंग बदलणे आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप ही त्याची चिन्हे आहेत. म्हणून "भाताने ठसका लागत नाही, म्हणजे भात चालतो" असे आपण गृहीत धरू नये.

आजपासून बदलता येईल अशी गोष्ट म्हणजे बसण्याची पद्धत. डोके मागे झुकले की हनुवटी वर जाते, श्वासाची वाट उघडी पडते आणि घास जिभेच्या ताब्यात न राहता थेट घशात ओघळतो. आपल्याकडे ठसका लागला की टाळूवर थोपटून "वर बघ, वर बघ" म्हणण्याची रीत आहे. ती प्रेमाची असली तरी अशा माणसासाठी ती नेमकी उलटी पडते. ठसका लागल्यावर त्याला किंचित पुढे झुकू द्यावे, खोकू द्यावे, आणि खोकला पूर्ण थांबून श्वास शांत होईपर्यंत घास देऊ नये व पाणीही पाजू नये. खोकला येत नाही, आवाज फुटत नाही आणि चेहरा निळसर पडू लागला आहे, असे दिसले तर मात्र तो घशात घास अडकण्याचा प्रसंग आहे. तेव्हा पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा द्याव्यात, तेवढ्याने न निघाल्यास मागून पोटावर आत-वर असे पाच दाब द्यावेत, आणि दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगावे. घरातल्या प्रत्येकाने हे प्रत्यक्ष शिकून घेतलेले असावे.

खुर्चीत बसवताना कंबर पाठीमागे पूर्ण टेकलेली, मांड्या आडव्या, गुडघे काटकोनात आणि पावले फळीवर किंवा पाटावर टेकलेली हवीत. पाय लोंबकळत राहिले की शरीर ताठरते आणि तो ताण जबड्यापर्यंत पोहोचतो. मान सरळ, हनुवटी किंचित खाली. आपण उभे राहून भरवू नये, समोर बसून आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहून थोडे खाली ठेवावेत. मग त्याला वर पाहावे लागणार नाही. चमचा सपाट व लहान असावा, जिभेच्या मध्यावर हलका दाब देऊन सरळ बाहेर काढावा, वरच्या दातांवर खरवडू नये. गळ्यावरची हालचाल पाहून घास गिळला गेल्याची खात्री करावी, अनेकांना एका घासासाठी दोनदा गिळावे लागते. जेवणानंतर किमान अर्धा तास त्याला बसलेलेच ठेवावे. काही जणांना थोडी मागे रेललेली खुर्चीच सोयीची पडते, पण ते तपासणीशिवाय ठरवता येत नाही.

आता तपासणीविषयी. दोन प्रकार आहेत. एकात बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारी पूड) मिसळलेले अन्न गिळताना एक्स-रेच्या पडद्यावर चलचित्रासारखे पाहतात. दुसऱ्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. पहिल्यात गिळण्याचा प्रत्येक टप्पा दिसतो, दुसऱ्यात किरणोत्सर्ग नसतो आणि खाटेजवळही ती करता येते. नळीचा सल्ला देण्याआधी यांपैकी एक झाली आहे का, हे आपण लेखी विचारावे. बेळगावात विचारताना "गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत का" असेच विचारावे, नुसते "स्पीच थेरपी" म्हटले की आपल्याला बोलण्याच्या वर्गाकडे पाठवले जाते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात काम करते, पण ती येथून सुमारे ५०० किलोमीटर दूर असल्याने आधी बेळगाव, कोल्हापूर व मिरज येथे चौकशी करणे बरे. तपासणीला जाताना त्याची स्वतःची खुर्ची, नेहमीचा चमचा आणि घरची आंबील-भात घेऊन जा. परक्या चमच्याने परके अन्न दिल्यावर जे दिसते, ते त्याचे रोजचे गिळणे नसते.

उत्तर : निपाणीची एक आई

ताई, माझी मुलगी २६ वर्षांची आहे. "घट्ट करून द्या" हे शब्द मीही ऐकले आणि सहा महिने चुकीच्या पद्धतीने घट्ट करत राहिले, म्हणून स्वयंपाकघरातले तेवढे सविस्तर लिहिते.

घट्टपणा मोजता येतो, हे मला फार उशिरा कळले. आय.डी.डी.एस.आय. नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे साधे पाणी आणि ७ म्हणजे नेहमीचे जेवण. पेयासाठी १० मिलीची सिरिंज लागते. सुई आणि दट्ट्या काढून टाकायचा, खालचे तोंड बोटाने बंद करून १० च्या रेघेपर्यंत पेय भरायचे, बोट काढायचे आणि १० सेकंदांनी पुन्हा लावायचे. उरलेले पेय १ मिलीहून कमी असेल तर ते पाण्यासारखे पातळ. १ ते ४ उरले तर पहिली पायरी, ४ ते ८ उरले तर दुसरी, ८ च्या वर उरले पण थोडे तरी गळले, तर तिसरी. सिरिंजच्या ० ते १० या रेघांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर असावे लागते, ते पट्टीने मोजून घ्या, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात. कोणती पायरी द्यायची हे तज्ज्ञ ठरवतील. तीच पायरी आज, उद्या आणि परवा मिळते आहे ना, हे पाहणे आपल्या हातात आहे.

आंबिलीने मला सर्वांत जास्त फसवले. मी मुलीला पौष्टिक म्हणून मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची आंबील देत होते. धान्याला मोड आले की त्यात पिष्ट फोडणारे एक पाचक द्रव्य तयार होते आणि त्या पिठाची आंबील शिजताना पातळ होते. निरोगी बाळासाठी हा गुणच आहे, कारण तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते, पण माझ्या मुलीच्या बाबतीत मी घट्ट समजून पातळ पाजत होते. साध्या नाचणीच्या पिठाची आंबील याच्या उलट वागते: गरम असताना पातळ, निवत जाते तशी घट्ट. म्हणून चुलीवरून उतरवल्यावर नव्हे, भरवण्याच्या क्षणी जेवढी कोमट असेल तेव्हाच मोजावी. आणखी एक गोष्ट म्हणजे आपल्या लाळेतही तेच पाचक द्रव्य असते. चमचा तोंडातून काढून पुन्हा त्याच वाटीत बुडवत राहिले की पिठाने घट्ट केलेले पेय अर्ध्या तासात पातळ होते. मी आता दोन वाट्या करते, एक ओट्यावर झाकलेली आणि एक हातात. बाजारात पेय घट्ट करण्यासाठी झँथन गमची पावडर मिळते, ती लाळेने पातळ होत नाही, पण महाग आहे आणि ती तज्ज्ञांना विचारूनच वापरावी; तान्ह्या बाळांना तर स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये.

आमटी-भात ऐकायला मऊ वाटतो, पण त्यात दोन पदार्थ दोन वेगांनी चालतात. शिते जिभेवर असतानाच पातळ आमटी घशात पोहोचलेली असते. आमटी दाट वरणासारखी आटवून भातात पूर्ण मुरवावी, भात चमच्याने दाबून एकजीव करावा, आणि तरीही तो टाळूला चिकटणारा गोळा होऊ नये. चमचा तिरका केल्यावर घास एकसंध खाली पडला, तर ठीक. पिठले यासाठी फार चांगले. चिरमुरे, फरसाण, शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा, साबुदाण्याची खिचडी आणि रसाळ संत्रे हे आमच्या घरी तिच्यापुरते बंद आहेत. जत्रेत आणि लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मायेने तिच्या तोंडात चिरमुरे नाही तर कुंदा घालतेच. म्हणून मी आता तिच्या शेजारचे ताट माझे असेल, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हीही पाहुण्यांना संकोच न करता सांगा.

चमच्याबद्दल एक. माझी मुलगी चमचा तोंडात गेला की एकदम जबडा आवळते. ते हट्टाने नसते, तो तिच्या शरीराचा प्रतिक्षेप आहे. स्टीलचा चमचा ओढून काढताना तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तेव्हापासून सिलिकॉनचा चमचा वापरते आणि जबडा आवळला तर चमचा तसाच स्थिर धरून तो सैल पडण्याची वाट पाहते.

उत्तर : औषधनिर्माता, चिकोडी

वरच्या दोन्ही उत्तरांत औषधांचा विषय आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. भावाला फेफऱ्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्या कशा दिल्या जातात, हे तपासा. व्हॅल्प्रोएटच्या ज्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटून भातात मिसळल्यास सगळा डोस एकदम सुटतो. डॉक्टरांना सांगून सिरप घेता येते, मात्र सिरपही पातळ असते, तेव्हा ते कशातून द्यायचे हे त्याच वेळी विचारावे. क्लोनाझेपामसारख्या औषधाने गुंगी येते आणि लाळही वाढते. डोस दिल्यावर लगेच जेवण असेल तर वेळ बदलता येईल का, हे विचारण्यासारखे आहे. स्वतःहून कोणतेही औषध कमी किंवा बंद करू नये.

जेवणानंतर पाठ कमानीसारखी ताणणे, आंबट उलटी, रात्रीचा खोकला असे काही असेल तर जठरातले अन्न वर येत असावे. बद्धकोष्ठाने भूक मरते, आणि पातळ पेय कमी झाले की बद्धकोष्ठ वाढते, म्हणून लघवीचा रंग आणि शौचाचे दिवस कॅलेंडरवर टिपत जा. शेवटचे म्हणजे दात. लाळ श्वासनलिकेत जाणारच असेल तर तिच्यातले जंतू जितके कमी तितका न्यूमोनियाचा धोका कमी. दिवसातून दोनदा, त्याला बसवून, मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून ब्रश करावा आणि फेस ओल्या कापडाने पुसून घ्यावा.

मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

सर्वांचे आभार. मॅडम, काकू, आपली उत्तरे मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. "वर बघ"पाशी ती मला थांबवून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकोणीस वर्षे मी त्याला वर बघायला लावले." तिला काय सांगावे, हे मला सुचले नाही. नळीबद्दल मात्र तिचा प्रश्न तोच आहे.

वाचा-उपचारतज्ज्ञ, बेळगाव

आईंना माझ्यातर्फे सांगा की त्यांनी ज्या पद्धतीने भरवले, त्याच पद्धतीने हा मुलगा १९ वर्षांचा झाला आहे. त्यांना त्या काळात दुसरे काही दाखवणारे कोणी भेटले नाही, यात त्यांचा दोष नाही.

पोटातली नळी म्हणजे तोंड कायमचे बंद, अशी समजूत आहे आणि ती आमच्यासारख्यांनी नीट न बोलल्यामुळे पसरली आहे. नाकातली नळी काही आठवड्यांपुरती असते. त्याहून जास्त काळ गरज असेल तर पोटाच्या भिंतीतून जठरात नळी बसवतात. गरज संपल्यास ती काढता येते. वजन उतरत असेल, पाणी पुरेसे जात नसेल, सुरक्षित पद्धतीने भरवूनही न्यूमोनिया थांबत नसेल किंवा जेवणात दिवस सरत असेल, तर नळीतून पोषण, पाणी व औषधे देऊन तोंडाने फक्त चवीपुरते, तपासणीत सुरक्षित ठरलेले घास देता येतात. फोडणीची आमटी दोन चमचे आणि तीही घाई न करता, असेही जेवण असू शकते. त्याचबरोबर नळीने सगळे प्रश्न सुटत नाहीत: लाळ आणि जठरातून वर येणारे अन्न तरीही श्वासनलिकेत जाऊ शकते, जखमेची निगा राखावी लागते, आणि दात तितकेच घासावे लागतात.

तो सज्ञान आहे, म्हणून त्याला विचारल्याशिवाय हा निर्णय होऊ नये. तो डोळ्यांनी, ओठ मिटून, मान वळवून काय सांगतो ते लिहून काढा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. कायदेशीर संमतीसाठी पालकत्वाचा दाखला मागितला गेल्यास राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. अर्जाची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावी. याच न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढलेले नसेल तर आधी ते काढा. ते देशभर चालते, त्यामुळे सीमेपलीकडे कोल्हापूरला गेलात तरी दिव्यांगत्वाचा दुसरा पुरावा लागू नये. आणि सूचना मराठीत लिहून द्या, असे तपासणीच्या ठिकाणी स्पष्ट मागा. भरवणारे हात ज्या भाषेत वाचतात, त्या भाषेत कागद मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.

मलप्रभाकाठ, खानापूर तालुका (सहा आठवड्यांनंतर)

एक्स-रेच्या पडद्यावरची तपासणी झाली. आंबील आणि भात मी घरून डब्यात नेला होता, त्यांनी त्यातच बेरियम मिसळले. पाण्याचा तिसरा घोट श्वासनलिकेत उतरताना मला पडद्यावर स्पष्ट दिसला, आणि भाऊ खोकलाही नाही, माझ्याकडे पाहून हसत होता. दुसऱ्या पायरीएवढे घट्ट पेय आणि एकजीव भात हनुवटी खाली ठेवल्यावर नीट उतरला, पण वीस मिनिटांनंतर तो थकला आणि घशात घास साचू लागले. म्हणजे सव्वा तासाच्या जेवणातला शेवटचा जवळजवळ तास आम्ही त्याच्या थकलेल्या घशावर लादत होतो.

आता दिवसातून सहा वेळा, वीस-वीस मिनिटे जेवण असते. गावातल्या सुताराने जुन्या खुर्चीला पावलांची फळी आणि दोन्ही बाजूंना गादीचे टेकू बसवून दिले. भातात तूप आणि आंबिलीत दुधाची पावडर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घालतो. सिरिंज ओट्याजवळ खिळ्याला टांगलेली आहे. आई समोर बुटक्या स्टुलावर बसून दुपारचा भात स्वतः भरवते, तिच्या कमरेला ते जमते. पहिल्या आठवड्यात तिचा हात सवयीने त्याच्या हनुवटीखाली जाऊन ती वर उचलायचा. आता तो त्याच्या गालावर असतो, आणि त्याने ओठ मिटले की ती चमचा वाटीत ठेवते.

या काळात ताप एकदा आला, रुग्णालयात जावे लागले नाही. वजन ६०० ग्रॅमने वाढले आहे. डॉक्टरांच्या मते ते पुरेसे नाही. नळीचा निर्णय पुढच्या तपासणीपर्यंत पुढे ढकलला आहे, नाकारलेला नाही. ती तपासणी संक्रांतीनंतर आहे, आणि या वेळी आईही बरोबर येणार आहे.